दिल्ली बघायची आहे, खिसा नाशिकचा आहे: लेकरांसोबत फुकटातली ठिकाणं सुचवा

जेलरोडकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जायचं घाटतंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत आणि सासू-सासरे. सासरे नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर, वय पंचाहत्तर, चालायला आम्हा सगळ्यांपेक्षा खडखडीत. सासूबाईंचे गुडघे मात्र बोलतात.

गेल्या वर्षी माझी बहीण एका टूरबरोबर जाऊन आली. तीन दिवसांत सतरा ठिकाणं. उतरा, फोटो काढा, चढा. त्यातले दोन तास कुठल्याशा शालींच्या दुकानात. तिच्या मुलाला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाला, "बस." तसं नको आहे.

सहा जणांची जाण्या-येण्याची तिकिटं आणि पाच रात्रींची खोली यातच पाकीट हलकं होणार. म्हणून प्रश्न असा की पैसे न देता, किंवा अगदी थोडक्यात, पोरांना दाखवण्यासारखं काय आहे? संग्रहालयं चालतील. लेकीला वाचायची आवड आहे, धाकट्याला पळायची.

तर्रीबाज

राजधानी म्हणजे मुंबई ना भो? पंचवटीने सकाळी जा, रात्री घरी. खोलीचे पैसे वाचले.

जेलरोडकर

@तर्रीबाज, मुंबई दरवर्षी होते. नणंद डोंबिवलीला आहे.

पंचवटीची_सून

आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. नाशिकरोडहून राजधानी मिळते, संध्याकाळी बसायचं, सकाळी निजामुद्दीनला उतरायचं. जेवण तिकिटातच येतं, पण सहा जणांचं भाडं बघून घाम फुटतो. आम्ही जाताना पंजाब मेलने गेलो, येताना मंगलाने. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा. पोरांना गाडीतच अर्धी सहल झाल्यासारखं वाटतं.

एकच मोलाचा सल्ला देते: सोमवार. दिल्लीत सोमवारी जवळपास सगळी संग्रहालयं बंद असतात. लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद. आम्ही नेमके सोमवारी उतरलो आणि रिक्षा करून एकामागून एक कुलपं बघत फिरलो. तिसऱ्या कुलपापाशी नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

दिल्लीत_पंधरा_वर्षं

मूळचा गंगापूर रोडचा, पोटापाण्यासाठी इथे. दर सुट्टीत नाशिकहून कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे हा प्रश्न तोंडपाठ आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी कटू ते. दिवाळीत आणि नंतरचे दोन-तीन आठवडे इथली हवा भयंकर असते. फटाके, शेजारच्या राज्यांतलं पराली (भाताचं काड) जाळणं, थंडीत जमिनीलगत बसून राहणारी हवा, सगळं एकदम येतं. सकाळी इंडिया गेट समोर उभं राहूनही धुरकट दिसतं. जमत असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी या. तेव्हा राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान उघडं असतं, प्रवेश फुकट, फक्त ऑनलाइन नोंदणी करायची. सुट्टी दिवाळीचीच असेल तर बागा-मैदानं कमी आणि छपराखालची ठिकाणं जास्त धरा.

आता फुकटाचं. माझ्या मते सगळ्यात आधी गांधी स्मृती, तीस जानेवारी मार्ग. पूर्वीचं बिर्ला हाऊस. गांधीजी शेवटचे १४४ दिवस इथे राहिले आणि ३० जानेवारी १९४८ ला इथेच गोळ्या लागल्या. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवली आहेत. मोठी माणसं फलक वाचत बसतात, पोरं मात्र त्या पावलांवर पाऊल ठेवायला जातात, मग कुणीतरी हळूच थांबवतं. माझ्या पुतण्याने विचारलं होतं, "काका, पावलं इथे थांबली का?" त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही.

तिथून जवळच सफदरजंग रोडवर इंदिराजींचं घर. तेही फुकट. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्या जिथे कोसळल्या तो बागेतला रस्ता काचेखाली जपला आहे. त्या दिवशीची साडीही आहे. दुसरीतल्या मुलाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रांग मोठी असते पण सरकते भराभर.

संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक, इंडिया गेटच्या मागे. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, प्रवेश नि:शुल्क. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्रातल्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर २५ हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत. जवळच परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे. दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत होतात, आणि इंडिया गेटला वेगळं काही करावं लागत नाही, ते दिसतंच.

लोटस टेंपल फुकट, पण आत बोलायचं नसतं. पळणाऱ्या मुलांच्या आयांनी विचार करावा.

देवळाली_कॅम्प

युद्ध स्मारकाला शंभर वेळा +१. तोफखान्याचं गाव आमचं, त्यामुळे घरातलं कुणी ना कुणी वर्दीत. त्या भिंतींवर एका वीट-आकाराच्या पट्टीवर एक नाव, हुद्दा आणि तुकडी, सोनेरी अक्षरांत. आम्ही आजोबांच्या सोबत्याचं नाव शोधत होतो. तिथे शोधायला स्क्रीन आहेत, पण वडिलांनी स्क्रीनला हात लावला नाही, भिंतीवरून बोट फिरवत फिरवत शोधलं. पाऊण तास लागला. माझा मुलगा तोवर दुसरीच नावं मोठ्याने वाचत होता, अडखळत अडखळत. कुणी ओरडलं नाही त्याला.

इतिहासवेडा

सगळे गांधी-इंदिरा सांगताहेत, पण मराठी माणसाने लाल किल्ला सोडू नये. फुकट नाही, तरी पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या वास्तूंत १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. म्हणजे तुमची दोन्ही पोरं फुकट, मोठ्यांचं तिकीट कुतुबला किंवा हुमायूनला चाळीसच्या आसपास. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिनी आणि १९ नोव्हेंबरला सगळ्यांनाच फुकट असतं, पण त्या दिवशी गर्दी अशी की इमारतीपेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतात.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासचं छत वर मान करून बघा. तिथे चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते, फौजेला द्यायला पैसा नव्हता, तेव्हा तो उतरवून वितळवला. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. पोरांना तख्ताच्या गोष्टी सगळे सांगतात, ही सांगा. फौज चालते कशावर हे चौथीतल्या पोरालाही समजतं.

आणि तालकटोरा. आज स्टेडियमसाठी माहीत आहे, पण १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दिल्लीवर अचानक झडप घातली तेव्हा त्याचा तळ त्या भागात होता. बघायला तसं काही नाही. रिक्षातून जाताना बोट दाखवायचं, बस्स.

तर्रीबाज

बोट दाखवायला पण रिक्षावाला पैसे घेतो दिल्लीत.

ओझरकर

मी जरा वेगळं सुचवतो. पालमचं हवाई दलाचं संग्रहालय. प्रवेश फुकट, ओळखपत्र लागतं, सोमवार आणि मंगळवार दोन्ही दिवस बंद. पर्यटकांच्या यादीत फारसं नसतं कारण बाकी ठिकाणांपासून लांब आहे. पण मुलगा दुसरीत म्हणालात म्हणून सांगतो, इथे तो सुटेल. स्पिटफायर, लायसँडर, वापिती अशी जुनी विमानं हँगरमध्ये आणि मोठी बाहेर उघड्यावर.

माझा स्वार्थही सांगतो. मी एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, पस्तीस वर्षं काढली. मिग-२१ चं इंजिन कोरापुटला व्हायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि सांगाडा व जोडणी आमच्या ओझरला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला शेवटचं उड्डाण करून ते विमान निवृत्त झालं. मी टीव्हीवर पाहिलं. बायको म्हणाली, जेवण गार होतंय. पालमला ते उभं आहे, जवळून बघता येतं. पंखाखाली वाकून रिव्हेटच्या ओळी बघा. एका सरळ रेषेत आहेत. त्या सरळ याव्यात म्हणून शॉपमध्ये किती शिव्या खाल्ल्या ते आम्हालाच माहीत.

पंचवटीची_सून

ओझरकर काका, दिल्लीला जाऊन आले तरी हे सुटलं माझं. आमच्या टूर-नकाशात नव्हतंच.

येवलेकर

मी शिक्षक आहे, शाळेची सहल घेऊन गेलो होतो. एक नाव आलेलं नाही म्हणून लिहितो: डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक, २६ अलीपूर रोड. सिव्हिल लाइन्स मेट्रोला उतरायचं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निर्वाण झालं ती जागा. नवी इमारत १३ एप्रिल २०१८ ला खुली झाली, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची, म्हणजे संविधान. प्रवेश मोफत, सोमवारी बंद.

आमच्या गावची पोरं तिथे का हरखतात ते सांगतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा येवल्यात झाली. त्याआधी २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पोरं पाठ्यपुस्तकात हे वाचतात आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात. तिथे आतल्या मांडणीत आपल्या जिल्ह्याचं नाव दिसलं की एकमेकांना कोपराने ढोसतात. एका मुलीने गाइडलाच सांगायला सुरुवात केली, त्या घोषणेची जागा, मुक्तिभूमी, आमच्या घरापासून किती लांब आहे ते. तो बिचारा ऐकत राहिला.

आणि एक तक्रार. तिथे पोचायच्या आदल्या दिवशी एका खासगी बसवाल्याने ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले आणि चाळीस पोरं रस्त्यावर उभी ठेवली. तेव्हापासून मी मेट्रोशिवाय हलत नाही. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मेट्रोत तिकीट नाही, तुमचा दुसरीतला त्याहून उंच असणार.

सिडको_सहावी_स्कीम

मला एक कळत नाही. दिल्लीचं फुकट बघायला हजारो रुपये खर्चून जायचं. इथल्या पोरांनी अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय पाहिलंय का? जोगलटेंभी आपल्या सिन्नर तालुक्यातली. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. म्हणजे जिंकलेल्या राजाने हरलेल्याचं नाणं वितळवलं नाही, त्याच्या तोंडावर शिक्का मारला! हे आपल्या अंगणात घडलंय. त्याच नहपानाच्या जावयाचा लेख आपल्या पांडवलेणीत दहा नंबरच्या लेण्यात आहे आणि सातकर्णीच्या आईचा तीन नंबरच्या. कोण वाचतं? सगळे खाली फाळके स्मारकात वडापाव खातात.

दिल्लीत_पंधरा_वर्षं

मुद्दा शंभर टक्के मान्य, पण धागा दिल्लीचा आहे. दोन्ही करा ना. उलट पांडवलेणी बघून आलेलं पोर राष्ट्रीय संग्रहालयात जास्त रमतं. ते जनपथवर आहे, मोठ्यांना २० रुपये होते मी शेवटचा गेलो तेव्हा. मोहेंजोदडोची नर्तिका तिथे आहे. पुस्तकात पानभर फोटो असतो, म्हणून सगळ्यांना ती पुतळ्याएवढी वाटते. प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर. माझ्या भाचीने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "ही तर माझ्या कंपासपेटीत मावेल." आणि कंबरेवरचा हात बघून स्वतः तशी उभी राहिली.

सिडको_सहावी_स्कीम

बरं. नर्तिकेवर वाद नाही.

तर्रीबाज

आता गंभीर होतो. शौचालयांचं संग्रहालय. हसू नका. पालमच्या बाजूला, सुलभवाल्यांचं, बिंदेश्वर पाठक यांनी १९९२ मध्ये काढलेलं. फुकट आहे. जुन्या काळच्या राजांची सिंहासनासारखी भांडी, वेगवेगळ्या देशांतली, आणि शेवटी मैला डोक्यावरून वाहण्याची प्रथा आणि दोन खड्ड्यांचा संडास कसा चालतो ते. माझा पोरगा घरी आल्यावर लाल किल्ला विसरला, ते नाही विसरला. पुढचे सहा महिने पाहुणे आले की तो विषय काढायचा.

जेलरोडकर

अहो किती दिलंत! वही घेऊन बसले आहे. पण गाडी अडते तिथेच. आम्ही शनिवारी पोचतोय, म्हणजे सोमवार मधोमध येतोय. त्या दिवशी सहा जणांनी खोलीत बसायचं का?

दिल्लीत_पंधरा_वर्षं

सोमवारी कुतुब उघडा असतो. लोधी गार्डनही, फुकट, पण हवेचं बघून. अग्रसेनची बावडी कॅनॉट प्लेसजवळ, फुकट, शंभरावर पायऱ्या खाली. सासूबाईंना वरच्या ओट्यावर बसवा, त्यांनी खाली उतरायच्या फंदात पडू नये.

आणि बंगला साहिब. १६६४ मध्ये गुरू हरकिशन इथे राहिले होते, तेव्हा तो राजा जयसिंगाचा बंगला होता, म्हणून नाव बंगला साहिब. डोक्याला बांधायला रुमाल तिथेच मिळतो. लंगरमध्ये खाली पंगतीत बसायचं. "पंगत" हाच शब्द तेही वापरतात, सासूबाईंना ऐकून घरच्यासारखं वाटेल. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एका हाताने नाही. पोरांना आधी सांगून ठेवा. गुडघ्यांचं सांगितलं तर बाजूला बसायची सोय करतात, विचारून घ्या.

प्रेसवाल्याचा_नातू

एवढा धागा वाचला आणि कोणीच बोललं नाही! तुमचे सासरे प्रेसचे ना? मग सोमवारचं उत्तर घरातच आहे. राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय. डाक भवन, पटेल चौक मेट्रोजवळ. ते ऑफिसच्या वेळेने चालतं, सोमवार ते शुक्रवार उघडं, शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्टीला बंद. म्हणजे बाकी दिल्लीच्या नेमकं उलट. प्रवेश फुकट.

आता हे वाचा. भारताची टपाल तिकिटं आधी लंडनहून छापून यायची. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२६ पासून तिकिटं इथे छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि वर "जय हिंद". ते आपल्या प्रेसमध्ये छापलेलं आहे. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी गांधीजींची तिकिटं आली, ती मात्र स्वित्झर्लंडहून छापून आणली. खादीवाल्या म्हाताऱ्याची तिकिटं परदेशी! आमचे आजोबा हे सांगताना दरवेळी तितकेच चिडायचे, जणू काल घडलं.

पटेल चौकाहून बंगला साहिबही जवळ. सकाळी तिकिटं, दुपारी लंगर. सोमवार झाला.

तर्रीबाज

मानलं भो तुला.

पंचवटीची_सून

जाताना एवढं लक्षात ठेवा. स्टेशनबाहेर "सरकारी टुरिस्ट ऑफिस बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. अक्षरधामला फोन आत नेता येत नाही, जमा करावा लागतो. मंदिर फुकट, आतली प्रदर्शनं तिकिटाची. आणि सगळीकडे बॅगा तपासतात, त्यामुळे एकच बॅग, त्यात पाणी आणि खाऊ. नेलकटर नेऊ नका. का ते विचारू नका.

देवळाली_कॅम्प

नेलकटरची गोष्ट वेगळ्या धाग्यात लिहा कृपया.

जेलरोडकर

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय कारण आल्यावर दोन आठवडे घर खोकत होतं.

हवेचं दिल्लीवाल्या दादांनी सांगितलं होतं ते शब्दशः खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंडिया गेट म्हणजे दुधात बुडवलेलं बिस्कीट. धाकट्याला मास्क लावला, तर त्याने तो कपाळावर चढवला. लोधी गार्डन, बावडी, कुतुब सगळं रद्द केलं. लोटस टेंपलही. इतिहासवेडा यांची क्षमा मागते, लाल किल्ल्याला गेलो पण दिवाण-ए-खासच्या छताखाली उभं राहायला मिळालं नाही, दोरी लावली होती. लांबूनच बोट दाखवलं. लेकीने विचारलं, "मग ते पैसे पुरले का?" उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

गांधी स्मृतीत आम्ही दोन तास होतो. ठरवलं होतं पाऊण तास. युद्ध स्मारकाला संध्याकाळी, मास्क लावून. नावं वाचणारी इतर मुलंही होती.

पालम: ओझरकर काका, रिव्हेट बघितले. सरळ आहेत. धाकट्याने एकेक मोजायला घेतले, एकशे चाळीसपर्यंत पोचला, मग भूक लागली. टॅक्सीचे पैसे चांगलेच लागले, तेवढंच एक ठिकाण फुकट असून महाग पडलं. तरी पुन्हा जाईन. शौचालयांचं संग्रहालय त्याच बाजूला म्हणून तेही केलं. तर्रीबाज, तुमच्यामुळे आमच्याकडेही आता पाहुण्यांसमोर तोच विषय निघतो.

अलीपूर रोड राहिलं. वेळच उरला नाही, वाईट वाटलं.

आता सोमवार. टपाल तिकिटांचं संग्रहालय लहान आहे, गर्दी अजिबात नाही, आम्ही सहा आणि दोन कॉलेजची मुलं. सासऱ्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. ते आत आले, चष्मा काढून पुसला, पहिल्या काचेपाशी गेले. मग दुसऱ्या. बोलेनात. मला वाटलं कंटाळले. थोड्या वेळाने नातीला हाक मारली आणि एका तिकिटाच्या कडेवर बोट ठेवलं, काचेवरूनच. "हे भोक पाडायचं मशीन माझ्या हॉलमध्ये होतं. एक दात मोडला की अख्खा ताव रद्द. मोजून परत द्यायचा, फाडलेलासुद्धा." मग सुरू झालं: ताव कसे मोजायचे, बाहेर पडताना झडती कशी व्हायची, खिशात घरचं तिकीट लावलेलं पत्र असलं तरी आधी दाखवावं लागायचं. ती दोन कॉलेजची मुलं आमच्यात कधी मिसळली कळलं नाही. पंचवीस वर्षं त्या घरात नांदतेय, यातलं एकही वाक्य ऐकलं नव्हतं. घरी कधी बोलायचेच नाहीत प्रेसबद्दल. सवयच तशी लागलेली.

आपला फोटो टाकून तिकीट छापून देतात तिथे, पैसे घेऊन. नवरा म्हणाला बाबांचं करूया. सासरे म्हणाले, "माझं नको. छापाई बघू आधी." छापाई बघितली. तोंड वाकडं केलं. शेवटी धाकट्याचं केलं.

मग बंगला साहिब. सासूबाईंना खुर्ची मिळाली, पण त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खालीच बसल्या पंगतीत. उठवायला दोघं लागलो.

प्रेसवाल्याचा_नातू

छापाई बघून तोंड वाकडं केलं, म्हणजे प्रेसचेच. माझ्या आजोबांनी लग्नपत्रिकासुद्धा भिंगातून तपासल्या होत्या.

ओझरकर

एकशे चाळीस म्हणजे एका पंखाचं अर्धंही नाही. पुढच्या खेपेला डबा घेऊन जा.

येवलेकर

अलीपूर रोड राहिलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तोवर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन येवल्याला या, मुक्तिभूमी दाखवतो. पैठणीचे मागही चालू असतात, बघायला पैसे नाहीत. घ्यायला लागतात.

नवा_सभासद_इंदिरानगर

उपयुक्त धागा. आम्ही मार्चमध्ये जातोय, शनिवार-रविवार जोडून. ते टपाल तिकिटांचं शनिवारी चालू असतं का?

जेलरोडकर

नाही. सोमवार ते शुक्रवारच. ओळखपत्र ठेवा जवळ, आणि मार्चमध्ये होळीची सुट्टी कधी येते ते आधी बघा.